आजीचं नाव कोणत्या कागदावर आहे?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला आहे ‘महाराष्ट्रातल्या वयस्कर माणसांसाठी सरकारी आरोग्य विमा’. विषय ऐकूनच जांभई येते, मला ठाऊक आहे. एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा मीही असल्या योजना परीक्षेपुरत्या पाठ केल्या आणि विसरून गेले. पुढे दवाखान्यात समाजसेविका म्हणून उभी राहिले तेव्हा कळलं, की या कंटाळवाण्या कागदांवरच कोण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचणार आणि कोण व्हरांड्यात पडून राहणार हे ठरतं. माणसांसाठी म्हणजे बायकांसाठीही, असं आपण धरून चालतो. कागद तसं धरून चालत नाही.

एक गोष्ट सांगते. २०२२ सालची. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या गावातून एका आजींना आणलं होतं. गोठ्यात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दोन मुलं, दोन्ही सुना सोबत. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. थोरल्याने केशरी रेशनकार्ड पुढे केलं. त्यावर आजींचं नाव नाही. धाकट्याने आपलं काढलं. त्यावरही नाही. काय झालं होतं? सहा वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले, दोन कार्डं केली. जुन्या कार्डावरून आईचं नाव कमी झालं आणि नव्यावर चढवायचं राहिलं. थोरला समजला धाकट्याकडे आहे, धाकटा समजला थोरल्याकडे आहे. आजी दोन्ही घरी जेवत होत्या, दोन्ही घरची नातवंडं सांभाळत होत्या, आणि सहा वर्षं कोणत्याच घरात नव्हत्या.

त्या वेळी योजनेसाठी रेशनकार्डावर नाव लागायचं. थोरल्या सुनेने मजुरी बुडवून तहसील कचेरीच्या चकरा मारल्या. नाव चढलं, मंजुरी आली आणि ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. तोवर एका कुशीवर पडून आजींच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. हाड जुळलं, जखमा भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांचा खर्च कोणत्याही योजनेत बसला नाही.

ही चूक कुणाची? मुलांची, कचेरीची, दवाखान्याची, सगळ्यांचीच थोडी थोडी. पण मला वाटतं, आपलीही. त्या गावात आपला गट होता. बचतीचे हिशोब चोख होते. पण गटातल्या बायकांच्या सासवांची नावं कोणत्या कागदावर आहेत, हे आपण कधी विचारलं नव्हतं.

म्हणून आज योजनांची नावं सांगणारच आहे. पण प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: यात आजी कुठे आहे?

आधी थोडं मागे जाऊ. २००८ साली केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत उपचार. अट अशी, की कुटुंब म्हणजे जास्तीत जास्त पाच माणसं. कुटुंबप्रमुख, त्याची बायको आणि आणखी तिघं. आता तुम्हीच सांगा, नवरा, बायको, तीन पोरं, झाले पाच. सहावी कोण? सासू. कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की म्हातारीला वगळा. फक्त पाचचा आकडा लिहिला होता. बाईला बाहेर काढायला अनेकदा एवढंच पुरतं.

आपल्या राज्यात २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात आली. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. तिच्यात कुटुंबाच्या माणसांची संख्या मोजत नाहीत आणि वयाची अटही नाही. सहाव्या माणसाला जागा झाली, ही चांगली गोष्ट. पण त्या कुटुंबांची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून केलेली. त्या पाहणीच्या दिवशी जी आजी लेकीकडे होती, तिचं नाव यादीत असेलच असं नाही.

आता आज काय आहे? चार दारं आहेत. एकेक बघू.

पहिलं दार महात्मा फुले योजनेचं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना पिवळ्या-केशरी कार्डांपुरती राहिली नाही. पांढरं रेशनकार्ड असलेल्यांना, आणि कोणतंच रेशनकार्ड नसलं तर अधिवासाचा दाखला असलेल्यांनाही तिच्यात घेतलं. मर्यादाही दीड लाखावरून ५ लाखांवर गेली. अंमल २०२४ मध्ये सुरू झाला. पैसे भरायचे नाहीत, हप्ता नाही. २०२३ च्या त्या निर्णयात १,३५६ उपचार होते. ही यादी बदलत असते, म्हणून पाठ करू नका, विचारून घ्या. त्यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, हेही आधी विचारा. नाही तर खासगी रुग्णालयात जाऊन परत फिरावं लागतं.

या निर्णयातली एक ओळ आपल्या कामाची आहे. शासकीय आणि शासनमान्य महिलाश्रमातल्या बायका आणि वृद्धाश्रमातले ज्येष्ठ नागरिकही योजनेत आहेत. ज्यांना घराने टाकलं, त्यांना घराचं कार्ड मागू नये, हे इथे तरी मान्य झालं. तुमच्या भागात असा आश्रम असेल तर तिथल्या अधीक्षिकेला हे माहीत आहे का, जाऊन बघा.

दुसरं दार आयुष्मान कार्डाचं. आपल्या राज्यात ते आणि फुले योजना एकत्रच चालतात, रुग्णालयात खिडकी एकच असते. मग वेगळं कार्ड कशाला? कारण आयुष्मान कार्ड योजनेत सहभागी असलेल्या इतर राज्यांतही चालतं. लेक सुरतेला दिली असेल आणि आई तिच्याकडे राहत असेल, तर तिथे हेच कामाला येतं.

तिसरं दार नवीन आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. उत्पन्न विचारत नाहीत. घर आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीपुढच्यांसाठी वेगळे ५ लाख. सुनेच्या किंवा नातवाच्या आजारपणात ते संपत नाहीत. घर योजनेत नसेल तर घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून ५ लाख. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार. केंद्र सरकारच्या निवृत्तांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. कामगार विमा किंवा खासगी विमा असेल तर मात्र हे कार्डही घेता येतं.

मला या कार्डातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. याला फक्त आधार लागतं. तू कुणाची बायको, कुणाची आई, कुणाच्या रेशनकार्डावर, हे कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं माहेरी राहिलेली परित्यक्ता, जिचं नाव अजून नवऱ्याच्या गावच्या कार्डावर अडकलंय, तिलाही ते तिच्या स्वतःच्या नावाने मिळतं. मात्र कार्ड मिळालं म्हणजे वाटेल त्या दवाखान्यात चाललं, असं नाही. जाण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा: तुमचं रुग्णालय यादीत आहे का, हे कार्ड घेता का, आणि हा उपचार तुमच्याकडे होतो का? हे तीन प्रश्न गटातल्या प्रत्येकीला तोंडपाठ हवेत.

चौथं दार बहुतेक जणी विसरतात. राज्य कामगार विमा, म्हणजे ई.एस.आय. स्वतः बाई किंवा तिचा नवरा किमान पाच वर्षं या विम्यात असेल आणि वयोमानाने निवृत्त झाला असेल, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. गिरण्या, कारखाने, कापड शिवायचे कारखाने जिथे होते, तिथे अशी कितीतरी घरं आहेत. नवऱ्याचा जुना विमा क्रमांक ट्रंकेत पडलेला असतो आणि बाई गुडघ्याच्या इंजेक्शनला व्याजाने पैसे काढते.

ही झाली दारं. आता दाराच्या आत काय नाही, तेही सांगायला हवं. नाही तर आपण गावात जाऊन ‘पाच लाख मिळतात’ असं सांगू आणि उद्या बायका आपल्याला खोटं ठरवतील. पाच लाख हातात मिळत नाहीत. दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचाराचे पैसे रुग्णालयाला मिळतात. फुले योजनेत जनरल वॉर्डची खाट, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण आणि घरी परत जायचं एस.टी.चं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, चष्मा, कानाचं यंत्र, कवळी हे यात नाही. आणि म्हातारपणी बाईचा खर्च नेमका यातच असतो. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाले. त्यातून गोळ्या आधी की तेल-मीठ आधी, याचं उत्तर आजी नेहमी एकच देते.

म्हणून विम्याच्या शेजारी सरकारी दवाखाना धरून ठेवायचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या असतील तर ‘नाहीत’ असं लेखी मागा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मोफत होते. आणि मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. ही मेहरबानी नव्हे. करात आणि जमिनीत मिळालेल्या सवलतींच्या बदल्यातली ती जबाबदारी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. इतकी दारं असूनही आजी बाहेर का राहते? माझ्या अनुभवात तीन ठिकाणी तिची वाट अडते.

पहिलं ठिकाण नावाचं. माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारवर ‘बाई’ लावलेलं, रेशनकार्डावर न लावलेलं. एका कागदावर द्रौपदा, दुसऱ्यावर द्रौपदी. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतं; आपलं नाव लग्नात बदललं जातं आणि त्याची किंमत सत्तराव्या वर्षी दवाखान्याच्या खिडकीवर मोजावी लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्या कायद्याखालच्या रेशनकार्डावर घरातली सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली. कायद्यात प्रमुख असलेली बाई मुलांच्या वाटणीत कार्डावरूनच गळते, हे आपण पाहिलंच.

दुसरं ठिकाण वयाचं. त्याच आजींचं सांगते. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५८. शाळेत न गेलेल्या कितीतरी बायकांचा जन्म १ जानेवारीचा असतो, तुम्ही पाहिलं असेल. मी विचारलं, “आजी, वय किती?” त्या म्हणाल्या, “कोयनेचा भूकंप झाला तवा थोरला मांडीवर हुता.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे कागदाप्रमाणे आजी नवव्या वर्षी आई झाल्या होत्या! आम्ही थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलो. उत्तर मिळालं, हा मुलाच्या वयाचा पुरावा आहे, आईच्या नाही. शिवाय आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. चुकीचा पुरावा लावून ती संधी घालवली की संपलं. म्हणून घाई करू नका. आधी पुरावा पक्का करा, केंद्रावर कोणता चालतो ते विचारा, मगच अर्ज द्या.

तिसरं ठिकाण निर्णयाचं. कार्ड आहे, नाव बरोबर, वय बरोबर. पण कार्ड मुलाच्या कपाटात आणि आधारला जोडलेला मोबाईल नातवाच्या खिशात. ओ.टी.पी. त्याच्याकडे जातो आणि तो पुण्याला कामाला. त्याहून अवघड म्हणजे घरातलं ते वाक्य, “आता या वयात कशाला ऑपरेशन?” हे वाक्य आजोबांच्या बाबतीत निघत नाही असं नाही, पण तिथे ते दबक्या आवाजात निघतं. आणि आजी स्वतः काय म्हणते? “माझ्यापायी कशाला पोरांना तरास.” आयुष्यभर उरलेलं जेवलेली बाई उपचारही उरलेलाच घेते.

इथे सुनेवर राग काढू नका. दवाखान्यात आजीजवळ बसायचं कुणी? तीच. मजुरी बुडते तिची. योजनेत रुग्णाचं जेवण आहे, सोबतच्या बाईच्या बुडलेल्या रोजाचा विचार नाही. सासू-सुनेची भांडणं सगळ्यांना दिसतात, पण दोघींच्या मधला हा न मोजलेला खर्च कुणाला दिसत नाही.

मग गटाने काय करायचं? मी पाच कामं सुचवते.

एक, गटाच्या वहीत एक पान वाढवा. गटातल्या प्रत्येकीच्या घरातली साठीपुढची बाई, तिचं आधारवरचं नाव, रेशनकार्डावरचं नाव, जन्मतारीख. फरक असेल तिथे खूण करा. आजारपण येण्याआधी दुरुस्ती करून घ्या.

दोन, ज्यांची सत्तरी झाली त्यांची वय वंदना कार्डं एका दिवशी एकत्र काढा. बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, तसा आग्रह धरा. आणि कार्ड आजीच्या हातात द्या, मुलाच्या नाही.

तीन, तालुक्याजवळच्या यादीतल्या दोन रुग्णालयांत आधीच जाऊन या. आरोग्यमित्राची ओळख करून ठेवा. तातडीच्या वेळी आधी दाखल करून फोनवरून मंजुरी घेता येते, हे लक्षात ठेवा.

चार, योजनेत दाखल असताना अनामत मागितली, बाहेरून औषधं आणायला लावली, तर पावती घ्या. पावती देत नसतील तर तारीख, वेळ, माणूस लिहून ठेवा. तक्रार १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर करा, आयुष्मानसाठी १४५५५. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

पाच, मुलं पाहतच नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात औषधोपचार हा पोटगीचाच भाग आहे. प्रांताकडे अर्ज करता येतो. बायका मुलांविरुद्ध अर्ज करायला तयार होत नाहीत, मला माहीत आहे. पण असा अर्ज करता येतो एवढं माहीत असलं, तरी कधी कधी घरातला सूर बदलतो.

ही झाली आपली कामं. पण सगळं आपणच करायचं आणि सरकारने फक्त जाहिरात करायची, असं नाही. मागणीही हवी. २००७ च्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक साठाव्या वर्षी होतो, मग वय वंदना सत्तरीला का? आपल्या राज्याच्या योजनेला जोतीरावांचं नाव आहे. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. वय वंदनाच्या आजच्या नियमात त्या बसल्या नसत्या. तेव्हा वय साठवर आणा, रोजच्या गोळ्या विम्यात घ्या, आणि शाळेत न गेलेल्या बाईचं वय ठरवायला ग्रामसभेची, मुलांच्या दाखल्यांची साक्ष धरा. या तीन मागण्या ठरावात घालाव्यात, असं मी सुचवते.

त्या आजी आता वॉकर घेऊन अंगणात चालतात. थोरल्याच्या कार्डावर त्यांचं नाव आहे, त्यामुळे फुले योजना लागू आहे. वय वंदना मात्र नाही. कोयनेच्या भूकंपात मांडीवर पोर घेऊन घराबाहेर पळालेली ही बाई आधारच्या हिशोबाने १ जानेवारी २०२८ ला सत्तर वर्षांची होईल.

तुमच्याकडे एवढंच मागणं. शिबिरातून घरी गेलात की घरातली कार्डं काढा. आईचं, सासूचं नाव वाचा. वय वाचा. आणि मग स्वतःचंही वाचा. आपण सगळ्या त्याच वाटेवर आहोत.